‘गोळी बंद करून मॅग्नेशियम सुरू करू का?’

प्रश्न : मी ४१ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीपासून कशात मनच लागेना. पहाटे तीनला जाग यायची, वर्गात फळ्याकडे तोंड करून रडू यायचं. शेवटी मिस्टर सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. डिप्रेशन आहे म्हणाले आणि एसिटालोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. सहा आठवडे झाले. झोप सुधारली, रडू कमी झालं, पण अंगात त्राण नाही. शाळेचा जिना चढला तरी धाप लागते. माझ्या वन्सं न्यूट्रिशन क्लब चालवतात. त्यांनी मशीनवर माझी तपासणी केली. हातात दांडी धरायची, कॉम्प्युटरवर रिपोर्ट येतो. मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम सगळंच कमी निघालं. त्या म्हणतात, खनिजं संपली की डिप्रेशन येतं, गोळ्यांनी नुसता मेंदू बधिर होतो आणि सवय लागते. त्यांनी मॅग्नेशियम आणि ५० मिलिग्रॅमचं झिंक दिलंय. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून लिथियम ऑरोटेटची बाटली आणली, ते नैसर्गिक ‘मूड मिनरल’ आहे म्हणे. मीठ पूर्ण बंद, फक्त चिमूटभर सैंधव. महिन्याला साडेचार हजार जातात. व्हिडिओतही पाहिलं, मॅग्नेशियमने दोन आठवड्यांत डिप्रेशन जातं. मला गोळी बंद करायची आहे. आहार कसा ठेवू? मी शाकाहारी आहे, सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी करते. चहा चार-पाच वेळा होतो. पाळीत फार जातं, तेव्हा दोन-तीन दिवस पेनकिलर लागते. हिमोग्लोबिन ९.६ आहे, पण माझं ते नेहमी तेवढंच असतं. कधी कधी रात्री वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. कृपया नाव छापू नका.

उत्तर : ताई, नमस्कार.

‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्याच फोन करा आणि याच शब्दांत सांगा. मिस्टरांनाही सांगा. या आजारात असे विचार येतात आणि डॉक्टर ते रोज ऐकतात, त्यामुळे तुम्हाला कोणी वेडं ठरवणार नाही. पण हे कळलं तर ते उपचार त्याप्रमाणे बदलतील, भेटी जवळच्या ठेवतील. ‘जाग आली नाही तर’ यावरून विचार ‘आपणच काहीतरी करून घ्यावं’ इथपर्यंत गेला, तर मध्यरात्र असली तरी एकटं बसायचं नाही. मिस्टरांना उठवा, दवाखाना गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. तिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर मिस्टरांच्या मोबाइलमध्येही टाकून ठेवा.

आता बाटल्यांकडे वळू. आधी लिथियमची बाटली बाजूला काढा.

लिथियम हे खनिज आहे, वन्संचं बरोबर आहे. पण ते मानसोपचारातलं जुनं, दमदार औषधही आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो असं १९४९ साली मांडलं आणि बायपोलर आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी टोकाची उदासी येते त्या आजारात, ते आजही पहिल्या फळीत आहे. मात्र लिथियम सुरू असलेल्या माणसाचं रक्त वरचेवर तपासतात. रक्तातली पातळी लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल या पट्ट्यात ठेवावी लागते. त्याच्या खाली ते लागू पडत नाही. फार वर गेलं तर हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते. वर्षानुवर्षं घ्यायचं असेल तर किडनी आणि थायरॉईडवरही नजर ठेवावी लागते. ‘नैसर्गिक’ या लेबलाने यातलं काही टळत नाही.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती मीठ बंद करण्याची. किडनी सोडियम आणि लिथियम जवळपास एकाच वाटेने हाताळते. जेवणातलं मीठ तुटलं की ती सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याच्यासोबत लिथियमही अंगात साठतं. हे नुसतं पुस्तकी नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांसाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराईड विकायला आलं होतं. माणसं ते जेवणावर मिठासारखंच भुरभुरून घेत. विषबाधा झाल्या, काही जण दगावले आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. म्हणजे मीठ बंद आणि लिथियम चालू, ही जोडी एकदा माणसांच्या जिवावर बेतलेली आहे. त्यात तुम्ही पाळीत पेनकिलर घेता. मेफेनॅमिक ॲसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनीही लिथियमची पातळी चढते. आणि तुमच्या चालू गोळीबरोबर लिथियम द्यायचंच असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञाने ठरवून, लक्ष ठेवून द्यायचं असतं.

चार-दोन कॅप्सूल घेतल्या असतील तर घाबरून जाऊ नका. ऑरोटेटच्या कॅप्सूलमध्ये सहसा ५ मिलिग्रॅमच लिथियम असतं. डॉक्टर लिहून देतात त्या ३०० मिलिग्रॅमच्या कार्बोनेटच्या गोळीत शुद्ध लिथियम ५६ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यामानाने हे थोडंच. पण मग उपयोग तरी कसला? एवढ्या डोसने डिप्रेशन हटतं असं दाखवणारा धड अभ्यास नाही. आणि फरक पडेना म्हणून एकाच्या चार झाल्या, तर रक्त तपासणारं कोणी नाही. बाटली फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या. किती दिवस, किती घेतल्या तेही सांगा.

मीठ आजपासून परत सुरू करा. साधं आयोडीनयुक्त मीठ, दिवसभराचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. तुमच्या डिप्रेशनच्या गोळीसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या रक्तातलं सोडियम उतरतं. वयस्कर माणसांत हे जास्त दिसतं, पण मीठ तोडून आपण ती वेळ ओढवून का घ्यावी? सोडियम उतरलं की थकवा येतो, डोकं दुखतं, गोंधळल्यासारखं होतं आणि घरच्यांना वाटतं डिप्रेशनच वाढलं. सैंधवाच्या पाकिटावर ८४ खनिजं लिहिलेली असतात. ती असतीलही, पण चिमटीतून पोटात जाणारं त्यांचं प्रमाण नगण्य आहे. उलट साध्या मिठात मुद्दाम घातलेलं आयोडीन सैंधवात बहुतेक वेळा नसतं. थायरॉईडला आयोडीन लागतं आणि थायरॉईड मंदावलं तर मन उदास होणं, सुस्ती, विसरभोळेपणा हे सगळं येतं. उपासापुरतं सैंधव ठीक, रोजच्या आमटीत नको.

गोळी बंद करण्याबद्दल. मी आहारतज्ज्ञ आहे, गोळीचा डोस किंवा मुदत ठरवणं माझं काम नाही, आणि वन्संचंही नाही. पण तुम्हीच लिहिलंय की झोप सुधारली, रडू कमी झालं. म्हणजे गोळीचा गुण येतोय. या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला त्याहून जास्त. बरं वाटायला लागल्यावरही सहसा निदान सहा महिने त्या चालू ठेवतात, कारण लवकर सोडल्या की आजार उलटण्याची शक्यता बरीच असते. सवयीचं म्हणाल तर दारू-तंबाखूसारखी तलफ यांना नसते. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं होणं, असा त्रास होतो. म्हणून त्या हळूहळू उतरवतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्याने. ‘मेंदू बधिर’ झाल्यासारखं, म्हणजे ना आनंद ना दुःख असं काही जणांना खरोखर वाटतं. तुम्हाला तसं होत असेल तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं.

मशीनबद्दल जास्त शब्द खर्च करत नाही. हातात दांडी धरून शरीरातलं झिंक आणि सेलेनियम मोजता येत नाही. रक्त काढलेलं नाही, लघवी घेतलेली नाही, तर खनिज मोजलं कशात? असा रिपोर्ट कोणाचाही काढा, आठ-दहा गोष्टी कमी निघतातच, आणि त्या भरून काढणारे डबे शेजारच्या कपाटात असतात.

मॅग्नेशियमचं प्रकरण मात्र एवढं उडवून लावण्यासारखं नाही. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओच्या मुळाशी बहुधा एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेत व्हर्मॉंट विद्यापीठात सौम्य ते मध्यम डिप्रेशन असलेल्या १२६ जणांना सहा आठवडे रोज २४८ मिलिग्रॅम मॅग्नेशियम दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. प्रश्नावलीवर मोजलेले डिप्रेशनचे गुण चांगले सहा अंकांनी उतरले, आणि दोन आठवड्यांतच फरक दिसू लागला होता. व्हिडिओवाले इथेच थांबतात. त्या अभ्यासात खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, घेणारा गट नव्हता. आपण मॅग्नेशियम घेतोय हे प्रत्येकाला माहीत होतं. डिप्रेशनच्या औषधांच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकीही तीस-चाळीस टक्के लोकांना बऱ्यापैकी उतार पडतो. त्यामुळे त्या सहा अंकांतले मॅग्नेशियमचे किती आणि आशेचे किती, हे त्यावरून सांगता येत नाही. मॅग्नेशियम निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. गोळी सोडून त्याच्या भरवशावर राहावं एवढा पुरावा नाही, एवढंच. किडनी धड असेल तर मॅग्नेशियमने सहसा मोठं नुकसान होत नाही, जास्त झालं की जुलाब होतात. बद्धकोष्ठासाठी पांढरं दुधासारखं औषध मिळतं ना, ते मॅग्नेशियमच.

झिंकचंही तसंच, थोडं बरं आणि थोडं वाईट. डिप्रेशनच्या औषधासोबत रोज २५ मिलिग्रॅम झिंक दिल्यावर थोडी मदत झाली असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. औषधासोबत, औषधाऐवजी नाही. तुमच्या झिंकच्या गोळीत ५० आहे. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. महिनोन् महिने जास्त झिंक घेतलं तर ते तांब्याचं शोषण अडवतं, आणि तांबं कमी पडलं की हिमोग्लोबिन आणखी उतरतं, हातापायाला मुंग्या येतात. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच ९.६ आहे त्यांनी हा उद्योग करू नये.

आता त्या ९.६ कडे येते. ते तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची खनिजाची गोष्ट तीच आहे आणि साडेचार हजारांच्या डब्यांत तिच्यावर काहीच नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. ९.६ हे ‘नेहमीचं’ असेल, पण म्हणून ते बरोबर होत नाही. आपल्याकडे ते इतकं सर्रास आहे की कोणी दचकतच नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता. जिना चढताना धाप, अंगात त्राण नसणं, छातीत धडधड, हे डिप्रेशनच्या खात्यावर टाकण्याआधी इथे तपासायला हवं.

फॅमिली डॉक्टरांकडून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी एवढ्या तपासण्या लिहून घ्या. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. सोबत क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि सोडियमही करा, गेले काही दिवस मीठ बंद होतं म्हणून. या महिन्याचे डब्यांचे पैसे याला लावा. फेरिटिन कमी निघालं तर लोहाची गोळी डॉक्टर देतील, बऱ्याचदा एक दिवसाआड, कारण तशी ती जास्त चांगली शोषली जाते आणि पोटालाही कमी त्रास देते. शौचाला काळं होईल, घाबरू नका. लोह, झिंक आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या एकदम गिळू नका, त्या एकमेकींच्या शोषणात आड येतात. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना नक्की भेटा. महिन्याला एवढं रक्त जात असेल तर गाठ आहे का, थायरॉईड आहे का, हे बघायला हवं. गळती चालू राहिली तर लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत. डिप्रेशनची गोळी आणि पेनकिलर एकत्र घेतल्या की रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते, हेही त्यांना सांगा, म्हणजे दुखण्यावर दुसरं काही देतील.

लोहाबद्दलही मी तुम्हाला भलतं आश्वासन देणार नाही. फ्रान्समध्ये १९८ बायकांवर एक चांगला अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापला गेला. या बायकांचं हिमोग्लोबिन ठीक होतं, पण लोहाचा साठा कमी होता आणि थकवा होता. बारा आठवडे लोह घेतल्यावर त्यांचा थकवा जवळपास निम्म्याने उतरला, खोटी गोळी घेणाऱ्यांचा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. उदासीच्या गुणांत मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लोह अंगातली ताकद परत देईल. त्या ताकदीवर तुम्ही फिरायला जाल, मैत्रिणीकडे जाल, मुलांबरोबर बसाल, त्याचा मनावर चांगला परिणाम होईल. पण फक्त लोहाने डिप्रेशन गेलं असं होईल ही अपेक्षा ठेवू नका.

बी-१२ खनिज नाही, जीवनसत्त्व आहे, पण शाकाहारी माणसाच्या बाबतीत ते विसरून चालणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या चारशेहून अधिक पुरुषांचे रिपोर्ट प्रसिद्ध केले. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांचं बी-१२ कमी होतं, शाकाहारी असण्याचा त्यात मोठा वाटा होता. बी-१२ उतरलं की मुंग्या येतात, विसरायला होतं, चिडचिड आणि उदासीही येते. पालेभाज्या आणि कडधान्यांत ते नसतं. दूध, दही, ताक यांत थोडं असतं, अंड्यात असतं. रिपोर्टमध्ये कमी आलं तर जेवणातून ते पुरेसं भरून येत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शनच घ्यावं लागतं. इथे सप्लिमेंटला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे. माझा राग डब्यावर नाही. काय कमी आहे हे न बघता ओतत राहण्यावर आहे.

कारण उणीव नसताना ओतलं तर काय होतं, हेही मोठ्या अभ्यासांत पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या १८ हजारांहून जास्त लोकांना पाचेक वर्षं रोज २००० युनिट व्हिटॅमिन डी किंवा खोटी गोळी दिली. डिप्रेशन टळण्यात काही फरक पडला नाही. युरोपातल्या चार देशांत, वजन जास्त आणि मन थोडं उतरलेलं अशा हजारभर लोकांना वर्षभर ओमेगा-३, सेलेनियम, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम असं एकत्र दिलं. तिथेही डिप्रेशन टळलं नाही. डी च्या ६०,००० युनिटच्या पुड्या आपल्याकडे मेडिकलवाला सहज देतो. आठवड्याला एक, आठ आठवडे, हा नेहमीचा कोर्स असतो, आणि लोक तो वर्ष-दीड वर्ष चालवतात. अती झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं, भूक मरते, पोट साफ होत नाही, माणूस मरगळतो, उदास होतो. मग म्हणतात, मूडसाठी एवढं घेतोय तरी मूड नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, आहार. आहाराने डिप्रेशनला मदत होते का? होते. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जाका आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. मध्यम ते तीव्र डिप्रेशनचे ६७ लोक, बारा आठवडे. निम्म्यांना आहारतज्ज्ञाने सात बैठकांत जेवण बदलायला मदत केली, निम्म्यांना तेवढाच वेळ नुसती गप्पांची सोबत. जेवणाच्या गटातले तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास लोक डिप्रेशनमधून बाहेर आले, गप्पांच्या गटातले ८ टक्के. अभ्यास लहान आहे, आपण कुठल्या गटात आहोत हे लोकांना कळत होतं, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आणि त्यातल्या बहुतेकांचे गोळ्यांचे किंवा समुपदेशनाचे उपचार चालूच होते, ते सोडून नव्हे.

त्यांनी खाल्लं काय? अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुका मेवा, मासे, ऑलिव्ह तेल. गोड, तळलेलं, पाकिटातलं कमी. यातले मासे आणि ऑलिव्ह तेल सोडलं तर बाकीचं तुमच्या जिल्ह्यात पिकतं. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, शेपू, मेथी, चाकवत, मूठभर शेंगदाणे, तीळ, जवसाची आणि कारळ्याची चटणी, दही, पेरू, द्राक्षं. मॅग्नेशियम आणि झिंक हवंय ना, ते बाजरी, तीळ, हरभरा आणि राजगिऱ्यात आहे. मटकीला मोड आणल्याने, पीठ आंबवल्याने त्यातली खनिजं अंगी लागायला सोपी जातात. लोखंडी कढईत आमसूल किंवा टोमॅटो घालून भाजी केली तर लोह थोडं वाढतं. उसळीवर लिंबू पिळा. हळीवाची खीर किंवा लाडू थंडीत जरूर खा. गुळाच्या खड्यावर फार भिस्त ठेवू नका, बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि खड्यात अर्धा मिलिग्रॅमही नसतं. चहा पिऊ नका असं म्हणणार नाही, कारण तुम्ही ऐकणार नाही. फक्त जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, लोह तो अडवतो. नाश्त्याला पोह्याबरोबर चहा पिता, तिथून सुरुवात करा.

पण हे सगळं लिहिताना मला दिसतंय की डिप्रेशनमध्ये असलेल्या बाईला ‘भाकरी थापा, मटकीला मोड आणा’ सांगणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. पीठ मळायला उभं राहायचीही ताकद नसते. सगळ्यांचं वाढून झाल्यावर स्वतः ताकभात खाऊन किंवा चहा-बिस्किटावर दिवस काढणं, हे या आजारातल्या किती बायकांचं जेवण असतं! म्हणून तुमच्यासाठी आहारतक्ता देत नाही. तीन दिवस वाईट जातील असं धरून सोय करून ठेवा. भाकऱ्या बचत गटाकडून किंवा पोळी-भाजी केंद्रातून आणा, लाज बाळगू नका. फुटाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे हे डब्यात आणि शाळेच्या कपाटात. फार उदास वाटेल त्या दिवशी गरम भातावर मेतकूट, तूप, मीठ आणि सोबत वाटीभर दही, हे पूर्ण जेवण समजा. रात्री नाचणीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं तर सकाळी पाच-दहा मिनिटांत आंबील होते, तीही मिस्टर करू शकतात. मोड काढायचं काम मुलांना द्या. आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसा, शेवटी नाही.

उपासाचं. उपास सोडा असं मी सांगणार नाही. पण आठवड्यातले दोन दिवस आणि वर चतुर्थी असं पोट रिकामं ठेवणं ९.६ ला परवडत नाही. हिमोग्लोबिन वर येईपर्यंत एकच वार ठेवा, आजारपणात देव हिशेब मागत नाही असं सासूबाईही म्हणतील. उपासाला साबुदाण्यावर न राहता राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भगर, दही, फळ घ्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. आणि गोळी उपासालाही घ्यायची असते.

राहिल्या वन्सं. त्या तुमचं वाईट चिंतत नाहीत. त्यांना खरंच वाटतंय की हा उपाय आहे, आणि त्यांचा व्यवसायही त्यावर चालतो, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वाद घालायची ताकद सध्या तुमच्याकडे नाही, घालूही नका. एखादा डबा उचलून बघा, कुठेतरी बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असेल. ते छापणं कायद्याने भाग आहे. हे बोलायचं काम मिस्टरांवर सोपवा, बहीण त्यांची आहे. ‘रक्ताचे रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी सगळं बंद ठेवायला सांगितलंय’ एवढंच वाक्य त्यांनी म्हणायचं. रिपोर्ट आले की मला पाठवा, बी-१२ आणि फेरिटिन बघून तुमच्या डब्याचं पुढचं ठरवू. पण त्याआधी, उद्याचा डॉक्टरांना फोन.